वाचकांचे प्रश्न : हिशेब घराचा, माणसांचा नको

घराचे कार्बन उत्सर्जन कमी करण्याचा प्रयत्न जी कुटुंबे करीत आहेत, त्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत विजेपेक्षा भांडणांचाच उल्लेख जास्त आढळला, हे आधीच सांगून टाकतो. त्यांतील आठ पत्रांना आणि एका चिठ्ठीला येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही घरात पाच जण आहोत. मी, माझे पती, १६ वर्षांची मुलगी, ११ वर्षांचा मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. मुलीच्या पुढाकाराने चार महिन्यांपूर्वी आम्ही उत्सर्जन कमी करायचे ठरवले. तिने फ्रिजच्या दारावर एक तक्ता लावला असून चूक झाली की त्या माणसाच्या नावापुढे ती लाल फुली मारते. पहिला महिना उत्साहात गेला. नंतर सासूबाईंच्या नावापुढे सर्वांत जास्त फुल्या जमू लागल्या, कारण त्यांना दोन्ही वेळा गरम पाणी लागते आणि रात्री त्या खोलीतला लहान दिवा चालू ठेवतात. आता त्या कोणाला काही न बोलता गार पाण्याने हातपाय धुतात. पती म्हणतात, हा खेळ बंद करा. मुलगी म्हणते, घरात कोणालाच गांभीर्य नाही. मला दोघांचेही पटते. काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी तो तक्ता उतरवावा, आणि तो मुलीनेच उतरवावा. मोजल्याशिवाय काही कमी होत नाही, हे तिने बरोबर ओळखले आहे. मात्र नावापुढे फुल्या मारल्या की चुका मोजल्या जातात आणि उत्सर्जन मोजायचे राहूनच जाते. रात्रभर जळणाऱ्या पाच वॅटच्या दिव्याला एक फुली मिळते आणि एकट्याने मोटारीतून केलेल्या ३० किलोमीटरांच्या फेरीलाही एकच फुली मिळते. हा दिवा आठ तासांत एका युनिटाचा पंचविसावा भाग वीज घेतो. ती सगळी वीज कोळशावर तयार झाली असे धरले, तरी उत्सर्जन ४० ग्रॅमांच्या आत राहते. लिटरला १५ किलोमीटर चालणारी मोटार त्या फेरीत दोन लिटर पेट्रोल जाळते आणि साडेचार किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे गेल्या चार महिन्यांत दिव्यासाठी आजींना मिळालेल्या सगळ्या फुल्या त्या एका फेरीत मावतात. हा हिशेब मुलीला स्वतः करू द्यावा. आपण करून दाखवल्यास तो उपदेश वाटेल.

तक्त्याच्या जागी एक वही ठेवावी आणि तीत कोणाचेही नाव नसावे. विजेची युनिटे, स्वयंपाकासाठी किंवा घर उबदार ठेवण्यासाठी लागलेला गॅस, वाहनांत भरलेले इंधन, विमानप्रवासाचे किलोमीटर आणि फेकून दिलेले अन्न, एवढ्या पाच नोंदी पुरेशा आहेत. महिन्यातून एकदा सर्वांनी मिळून पंधरा मिनिटे बसावे, मीटर वाचावा, आकडे लिहावेत आणि उठावे. तुलना मागच्या महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, ही गोष्ट दिसते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. ऋतू बदलला की वापर आपोआप वरखाली होतो. थंडी सरल्यामुळे कमी झालेल्या युनिटांचे श्रेय आपण स्वतःकडे घेतो आणि उन्हाळ्याने वाढवलेल्या युनिटांचा राग घरातल्या कोणावर तरी काढतो. जुनी बिले जपली असतील, तर गेल्या वर्षीचे आकडे त्यांतच सापडतील.

वहीच्या पहिल्या पानावर, चर्चेला न येणाऱ्या गोष्टी लिहून ठेवाव्यात. वृद्धांचे गरम पाणी, आजाऱ्याच्या खोलीचे तापमान, तान्ह्या मुलाचे कपडे आणि अंधारात पडू नये म्हणून लावलेला दिवा यांवर बचतीचा डोळा असू नये. या वयात गार पाण्याने कुडकुडण्याचा किंवा अंधारात पडण्याचा धोका पत्करून जे काही ग्रॅम वाचतील, त्यांना हिशेबात जागाच नाही. सासूबाईंना हे शब्दांत सांगायची गरज पडू नये. संध्याकाळी मुलीने स्वतः त्यांच्यासाठी गरम पाणी काढून ठेवले, तर सगळे सांगून होईल.

आता राहिली कामांची वाटणी. ज्याच्या हातात ज्या गोष्टीचा निर्णय असतो, त्याच्याकडे त्या नोंदीची देखरेख द्यावी, हा नियम मला सर्वांत उपयोगी वाटतो. मोटारीच्या किल्ल्या पतींकडे असतील, तर इंधनाची नोंद त्यांच्याकडे असावी. उपकरणे कोणती घ्यायची हे तुम्ही ठरवत असाल, तर विजेची नोंद तुमच्याकडे. फेकलेल्या अन्नाची नोंद मी सासूबाईंकडे देईन, आणि त्यात त्यांची समजूत काढण्याचा हेतू नाही. कोणता पदार्थ उद्यापर्यंत टिकेल, कोणता आज संपवलाच पाहिजे आणि उरलेल्याचे काय करता येईल, याचे घरातले सर्वांत जास्त ज्ञान बहुधा त्यांच्याकडेच असते. मुलीकडे बेरीज आणि आलेख द्यावेत. तिच्या चिकाटीला ते काम शोभेल. इतरांच्या खोल्यांतून फिरून बटणे तपासण्याचे काम मात्र कोणाकडेही देऊ नये.

शेवटचा एक मुद्दा पतींसाठी. घरातले बरेचसे उत्सर्जन रोजच्या सवयींपेक्षा, दहा-पंधरा वर्षांत एकदाच घेतल्या जाणाऱ्या निर्णयांवर ठरते. पाणी कशावर तापवायचे, कोणता फ्रिज घ्यायचा, छतावर सौर पटले बसवायची की नाही, खिडक्यांच्या फटी बुजवायच्या की नाही आणि कामाच्या जागेपासून किती दूर राहायचे, हे ते निर्णय आहेत. ते एकदा नीट घेतले की पुढे कोणाला कोणावर लक्ष ठेवावे लागत नाही. ‘खेळ बंद करा’ म्हणणाऱ्यांना बहुधा रोजच्या टोकाटोकीचा कंटाळा आलेला असतो. अशा एका मोठ्या निर्णयाचे काम हाती दिले, तर तेच त्यात पुढे होतात, असे मी पाहिले आहे.

प्रश्न : रात्री सर्व चार्जर, टीव्ही आणि राउटर यांची बटणे बंद करण्याचे काम आमच्याकडे मुले करतात. तीन महिने हे नेमाने चालू आहे. तरी विजेच्या वापरात फरक दिसत नाही. आमचे कोठे चुकते आहे?

उत्तर : मुलांचे काहीच चुकलेले नाही. फक्त त्यांच्या वाट्याला घरातली सर्वांत लहान गळती आली आहे. हातातला फोन वर्षभर रोज पूर्ण चार्ज केला, तरी सहा-सात युनिटांच्या वर वीज लागत नाही. भिंतीला नुसता लटकणारा आधुनिक चार्जर वर्षाकाठी एखादे युनिट खातो. एका वॅटचे उपकरण वर्षभर अखंड चालू राहिले, तर पावणेनऊ युनिटे होतात. त्यावरून टीव्ही आणि राउटर यांचा अंदाज तुम्हीच बांधू शकाल.

याच्या शेजारी गरम पाणी ठेवून पाहा. २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे ०.५८ युनिट वीज लागते. पाण्याच्या उष्णताधारकतेचे हे साधे गणित आहे आणि कोणत्याही कंपनीचा गीझर त्याला अपवाद ठरत नाही. म्हणजे एका माणसाच्या एका अंघोळीच्या विजेत फोनचे जवळजवळ महिनाभराचे चार्जिंग होते. चार माणसांचे वर्षाचे गणित साडेआठशे युनिटांच्या घरात जाते. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडत असेल, तर हे २० लिटर दोन-अडीच मिनिटांत संपतात, आणि शॉवरखाली तेवढ्यावर थांबणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. टाकीचा गीझर दिवसभर चालू ठेवला, तर कोणी नळ उघडला नाही तरी आतले पाणी निवत राहते आणि ते पुन्हा तापवण्यात अर्धा ते एक युनिट दररोज जाते.

आमच्या घरातही असा एक काळ होऊन गेला. चार्जर काढून ठेवण्याचा नियम मीच केला होता, आणि त्याच हिवाळ्यात गीझरचे बटण आठवडाभर रात्रंदिवस चालू राहिले होते, कारण ते न्हाणीघराच्या दाराआड आहे आणि तेथे कोणाची नजर जात नाही. चार्जर मात्र सगळ्यांना दिसत होते.

तेव्हा मुलांना वेगळे काम द्यावे. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्याबरोबर मीटरवरचा आकडा लिहून ठेवायचा, असे आठवडाभर करावे. घर झोपलेले असताना जी वीज जाते, तिचा माग त्यातून लागतो. नंतर सुटीच्या दिवशी सगळी उपकरणे बंद करून एकेक चालू करावे आणि प्रत्येक वेळी मीटर किती वेगाने धावतो ते पाहावे. बहुतेक घरांत या शोधाअंती तीन-चारच नावे उरतात : पाणी तापवणे, खोल्या थंड किंवा उबदार ठेवणे, जुना फ्रिज आणि गरम पाण्यावर चालवलेले वॉशिंग मशीन. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेला आणि एरवी रिकामाच गुरगुरणारा दुसरा फ्रिज एखाद्या घरात निघाला, तर तो बंद केल्याने चार्जरांच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीएवढी वीज एका महिन्यात वाचते.

विजेच्या एका युनिटामागे किती उत्सर्जन होते, हे ती कशापासून तयार झाली त्यावर अवलंबून असते. कोळशाच्या विजेला ते ०.९ ते १ किलो असते, नैसर्गिक वायूच्या विजेला त्याच्या साधारण निम्मे, आणि वारा, सूर्य, जलविद्युत किंवा अणुऊर्जा यांच्या बाबतीत बांधकामापासूनचा सगळा हिशेब धरूनही बहुधा पन्नास ग्रॅमांच्या आत. त्यामुळे दोन कुटुंबांची युनिटे सारखी असूनही उत्सर्जन सारखे नसते.

प्रश्न : आमच्या एसीमध्ये दर वर्षी गॅस भरावा लागतो. दुरुस्तीला येणारे गृहस्थ सांगतात की गॅस संपतोच, सगळ्यांकडे तसेच असते. कार्बन उत्सर्जनाशी याचा काही संबंध आहे काय?

उत्तर : फार मोठा संबंध आहे, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले आभार, कारण घरगुती हिशेबात ही नोंद जवळजवळ कोणीच करीत नाही. एसीतला वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठे तरी गळती आहे, इतकाच होतो.

हा वायू हवेत गेला की काय होते, ते त्याच्या जातीवर ठरते. उपकरणाच्या पाटीवर ‘आर’ या अक्षरापुढे एक क्रमांक लिहिलेला असतो. शंभर वर्षांचा काळ धरला, तर आर-४१०ए हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट तापमानवाढ घडवतो. आर-३२ साठी हा आकडा ६७५ च्या आसपास आहे, तर आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन असून त्याचा परिणाम नगण्य आहे. आर-४१०ए चा एक किलो वायू गळून गेला, तर सुमारे ९०० लिटर पेट्रोल जाळल्याइतके नुकसान होते. घरातल्या चौघांनी वर्षभर काळजीपूर्वक केलेली बचत एका सैल जोडातून अशी निघून जाऊ शकते. ओझोनच्या थराला इजा करणारे जुने वायू १९८७ च्या माँट्रियल कराराने मागे पडले आणि त्यांच्या जागी जे आले, ते ओझोनला निरुपद्रवी असले तरी उष्णता अडवून धरण्यात जबर निघाले. म्हणून २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे त्याच करारात दुरुस्ती करून त्यांचाही वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरले.

आपण एवढेच करावे : आधी गळती शोधा, ती बंद करा आणि मगच वायू भरा, असा आग्रह धरावा. जुने उपकरण काढताना आतला वायू हवेत न सोडता बाटलीत काढून घेण्यास सांगावे. नवीन घेताना पाटीवरचा क्रमांक विचारावा. तापमान एका अंशाने वर ठेवल्यास एसीच्या विजेत साधारण पाच-सहा टक्के बचत होते. पंखा सोबत लावला, तर तो अंश जाणवतही नाही.

प्रश्न : एका लिटर पेट्रोलपासून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, असे आपण मागे लिहिले होते. एका लिटर पेट्रोलचे वजनच एक किलोपेक्षा कमी असते. ही छपाईची चूक असावी.

उत्तर : चूक नाही. पेट्रोलचे वजन लिटरला पाऊण किलोच्या आसपास असते आणि त्यात सुमारे ६३० ग्रॅम कार्बन असतो. जळताना कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. १२ ग्रॅम कार्बनाचा असा ४४ ग्रॅम वायू होतो, त्यामुळे ६३० ग्रॅमांचे २.३ किलो होतात. वाढलेले वजन हवेतून आलेले आहे. डिझेलसाठी हा आकडा लिटरला सुमारे २.७ किलो आणि प्रोपेनसाठी किलोमागे ३ किलो येतो.

प्रश्न : आमची पेट्रोल मोटार सहा वर्षांची आहे. ती वर्षाला जेमतेम ४,००० किलोमीटर चालते. मुलांचा आग्रह आहे की ती विकून विजेवर चालणारी घ्यावी. घ्यावी काय?

उत्तर : माझ्या मते आता घेऊ नये. लिटरला १५ किलोमीटर धरले, तर आपल्या मोटारीचे वर्षाचे उत्सर्जन ६०० किलोंच्या थोडे वर जाते. नवी मोटार आणि विशेषतः तिची बॅटरी घडवताना काही टन उत्सर्जन आधीच झालेले असते, आणि इतक्या कमी वापरात ते भरून निघायला बरीच वर्षे लागतील. विजेच्या मोटारीला १०० किलोमीटरांसाठी सुमारे १५ युनिटे लागतात. ती सगळी कोळशाची असतील, तर १४ किलोंच्या आसपास उत्सर्जन होते. आपल्या पेट्रोल मोटारीचे तेवढ्याच अंतराचे उत्सर्जन १५ किलोंहून थोडे अधिक आहे. पेट्रोल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा खर्च त्यात धरलेला नाही, हे खरे. तरीही फरक थोडाच राहतो. वीज निम्मी स्वच्छ असेल, तर मात्र तो दुपटीचा होतो, आणि वर्षाला २०,००० किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला मी याच्या नेमके उलटे उत्तर दिले असते.

मुलांना नकार देण्यापेक्षा त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न ठेवावा. या ४,००० किलोमीटरांपैकी किती प्रवास दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांचा आहे? थंड इंजिन सर्वाधिक इंधन पहिल्या काही किलोमीटरांतच पिते आणि नेमक्या याच फेऱ्या पायी किंवा सायकलने होण्यासारख्या असतात.

प्रश्न : थोरल्या मुलाने मांसाहार सोडला आहे आणि इतरांनीही सोडावा, असे तो म्हणतो. जेवणाच्या टेबलावर रोज वाद होतो. त्याचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे काय?

उत्तर : बऱ्याच अंशी बरोबर आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींहून अधिक प्रभावी आहे. म्हणून तेवढ्याच प्रथिनांसाठी गोवंशाच्या मांसाचे उत्सर्जन कडधान्यांच्या दहापटींहून जास्त भरते. कोंबडी आणि अंडी बरीच खाली येतात. दूध आणि विशेषतः चीज मात्र शाकाहारी ताटातही आपले वजन घेऊन येतात, हे आपल्या चिरंजीवांच्या कानावर घालण्यास हरकत नाही.

वाद मिटवायचा असेल, तर ज्यावर सगळ्यांचे एकमत आहे तेथून सुरुवात करावी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून गेले. फेकलेल्या अन्नामागे पिकवण्याचे, आणण्याचे, साठवण्याचे आणि शिजवण्याचे उत्सर्जन असतेच. ते कचऱ्याच्या ढिगात हवेविना कुजले की मिथेनची भर पडते. टाकलेला प्रत्येक पदार्थ, त्याचा अंदाजे वाटा आणि टाकण्याचे कारण एवढे तीन आठवडे लिहून पाहावे. कारणांच्या रकान्यात ‘मागे राहिला, दिसला नाही’ हे शब्द किती वेळा येतात, ते पाहून फ्रिजमधली मांडणी बदलावीशी वाटेल. मांसाहाराचे काय करायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे. जो स्वयंपाक करतो, त्याच्या मताला मात्र थोडे अधिक वजन द्यावे.

प्रश्न : आम्ही दोघे वर्षातून एकदा दूरचा विमानप्रवास करतो. त्याची भरपाई म्हणून दरवर्षी दहा रोपे लावतो. हिशेब जुळतो काय?

उत्तर : रोपे जरूर लावावीत, हिशेब जुळत नाही. लांब पल्ल्याच्या विमानात साध्या वर्गातील एका प्रवाशामागे किलोमीटरला साधारण ८० ते १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात. जाऊन-येऊन १६,००० किलोमीटरांचा प्रवास दोघांनी केला, तर जवळपास तीन टन होतात. उंचावर विमानामागे उमटणाऱ्या धूम्ररेषांमुळे होणारी तापमानवाढ यात धरलेली नाही.

आता झाडाकडे पाहू. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. एखाद्या झाडाने वाढून १०० किलो कोरडे लाकूड धरले, तर त्याने हवेतून सुमारे १८० किलो कार्बन डायऑक्साइड घेतलेला असतो. म्हणजे तुमच्या एका प्रवासाला सोळा-सतरा अशी झाडे हवीत. दहा रोपांपैकी सगळी जगली आणि कोणी तोडली नाहीत, तरी त्यांना या आकारापर्यंत पोहोचायला कित्येक वर्षे लागतील, आणि तोवर तुमच्या प्रवासांची संख्या वाढलेली असेल. विमानातून वायू त्याच दिवशी बाहेर पडतो. झाड मात्र हप्त्याहप्त्याने घेते.

याच संदर्भात आणखी एका सवयीकडे लक्ष वेधावेसे वाटते. ६० वॅटचे दहा दिवे काढून ९ वॅटचे एलईडी लावले आणि ते रोज चार तास चालवले, तर वर्षाला सुमारे ७४५ युनिटे वाचतात. ‘आता आपण इतके केले आहे’ या समाधानात एक जादा विमानप्रवास ठरला, तर कोळशाच्या विजेच्या हिशेबानेही एका माणसाच्या तिकिटात त्या बचतीची दोन वर्षे जातात. कोळशाची इंजिने सुधारली तसा कोळशाचा वापर घटण्याऐवजी वाढला, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिले होते. घराघरांत ते अजून घडते. प्रवास दरवर्षीऐवजी दोन वर्षांतून एकदा आणि थोड्या अधिक दिवसांचा करता येईल का, एवढे दोघांनी बसून पाहावे.

प्रश्न : एका कुटुंबाने कितीही केले तरी जगाला काय फरक पडतो? मोठ्या कंपन्या काही करीत नाहीत आणि आम्ही दिवे बंद करीत बसायचे काय?

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे, आणि त्याला आधारही आहे. ‘कार्बन फूटप्रिंट’ (एखाद्याच्या वाट्याचे एकूण उत्सर्जन) हा शब्दप्रयोग सामान्य माणसाच्या तोंडी रुळवण्यात बीपी या तेल कंपनीच्या २००४ च्या सुमाराच्या जाहिरातमोहिमेचा मोठा हात होता. तेल विकणाऱ्याने मोजपट्टी गिऱ्हाइकाच्या हातात दिली, असे त्याचे वर्णन करता येईल. २०२० मध्ये जगातल्या बहुतेक लोकांना घरात बसावे लागले, रस्ते आणि विमानतळ ओस पडले. तरी त्या वर्षी जगाचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन सुमारे पाच टक्क्यांनीच घटले. उरलेले सगळे वीजकेंद्रे, पोलाद, सिमेंट, मालवाहतूक यांतून येतच राहिले. माणसांनी हालचाल थांबवल्याने जे साधले नाही, ते दिवे बंद करण्याने साधणार नाही, हे आपले म्हणणे मान्य आहे.

तरी दोन गोष्टी विसरता येत नाहीत. जीवाश्म इंधनांतून आणि सिमेंटमधून होणारे जगाचे उत्सर्जन वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन आहे. माणशी सरासरी साडेचार-पावणेपाच टन. सरासरीच्या कितीतरी वर असलेली कुटुंबे आहेत आणि कितीतरी खाली असलेलीही आहेत, त्यामुळे ‘एक कुटुंब’ असे मोघम बोलून चालत नाही. आपले घर कोठे बसते ते आधी पाहावे लागते. दुसरे असे की, ज्या कुटुंबाने वर्षभर वही ठेवली आहे, ते इमारतीच्या बैठकीत सौर पटलांचा विषय निघाला की आकडे घेऊन बोलते, कार्यालयाकडे प्रवासाच्या सोयीची मागणी करते आणि मत मागायला आलेल्याला नेमका प्रश्न विचारते. बैठकीत नुसती तक्रार करणाऱ्याला अध्यक्ष बसा म्हणतात. आकडे आणणाऱ्याला बहुधा समितीवर घेतात. अर्थात ही शिक्षाच आहे, असेही काही अनुभवी वाचक म्हणतील.

चिठ्ठी : पहिल्या पत्राच्या पाकिटात वहीच्या कागदाची एक घडी निघाली. त्यावर लिहिले होते : “ताई म्हणते की मी खूप पळतो, म्हणून मी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. माझ्या नावापुढे त्याची फुली आहे. हे बरोबर आहे का?”

उत्तर : अरे, ताईचे अर्धे बरोबर आहे. माणूस दिवसभरात श्वासावाटे जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि पळताना तो नक्कीच जास्त सोडतो. पण तो कार्बन तुझ्या पोटात अन्नातून आलेला असतो, आणि अन्नात तो वनस्पतींनी हवेतूनच घेतलेला असतो, बहुतेक वेळा वर्षा-दोन वर्षांतच. हवेतून घेतलेला कार्बन हवेत परत गेला, त्यामुळे हिशेब शून्य झाला. कोळसा आणि पेट्रोल यांतला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला होता. तो बाहेर काढून जाळला की हवेत भर पडते. म्हणून श्वास या हिशेबात धरत नाहीत. अन्न पिकवताना आणि आणताना जे इंधन जळते ते धरतात, पण ते वहीत अन्नाच्या नोंदीत येते, तुझ्या पळण्यात येत नाही. तेव्हा ती फुली खोडून टाकायला ताईला सांग, आणि हवे तेवढे पळ. पळून आल्यावर गरम पाण्याच्या शॉवरखाली तू किती वेळ उभा राहतोस, ते मात्र मीटरवर दिसते.